ताईला मी बसवलं

ताईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाचला ती इस्पितळाच्या धुलाईघरात हजर. ओल्या चादरींचा गठ्ठा खांद्यावर घेऊन गच्चीपर्यंत जिना चढायचा, चादरी वाळत घालायच्या, सुकलेल्या घेऊन उतरायचं. दिवसाला चौदा खेपा, बत्तीस वर्षं. कोणत्या वॉर्डाच्या किती चादरी, किती फाटक्या, सगळं तोंडपाठ. लिहून ठेवणारा कारकून चुकायचा, ताई नाही. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. लग्न राहून गेलं.

मी हमाल. ओझं उचललं तर काम. नुसतं चालणं मी कामात धरत नव्हतो. बागेत फेऱ्या मारणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणायचो. बसायला मिळणं हेच मला सुख वाटायचं. हमालीने झिजलेल्या गुडघ्यांनी ते मला लवकर मिळवून दिलं होतं. ताई निवृत्त झाली तेव्हा तिला घरी आणलं आणि तेच सुख तिलाही दिलं. पाण्याचा पेलासुद्धा हातात. बायकोला ताकीद दिली, वन्सं उठता कामा नयेत.

पहिल्याच महिन्यात ती कपड्यांची बादली घेऊन जिना चढताना दिसली. शेजारी दारात उभे. मी बादली हिसकावून घेतली. लोक म्हणतील भावाने बहिणीला मोलकरीण केलं, असं सगळ्यांदेखत बोललो.

"पाय स्वस्थ बसू देत नाहीत रे," ती म्हणाली.

"पायांना सांग, पेन्शन लागली."

शेजारी हसले, मीही हसलो. ती पुन्हा जिन्याकडे गेली नाही.

वर्षभरात एकच गोष्ट तीनतीनदा विचारू लागली. दुपारी झोपून उठली की सकाळ समजायची. चादरीची घडी घालता घालता मध्येच थांबायची. एक दिवस माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "हे गृहस्थ कधीचे बसलेत. चहा विचारलास का त्यांना?" गृहस्थ मी होतो.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. मग विचारलं, पूर्वी दिवसभर काय करायच्या आणि आता काय करतात. पहिलं उत्तर मी अभिमानाने दिलं. दुसरंही अभिमानानेच दिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, शरीर हललं की मेंदूला रक्त चांगलं मिळतं, आठवणी सांभाळणारा भाग तरतरीत राहतो. बसून राहिलं की तोही मंदावतो. वयाचाही भाग आहे, सगळं परत येईलच असं नाही. पण चालवा, रोज, जरा दम लागेपर्यंत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याच बागेत आम्ही दोघं. पहिल्या दिवशी जेमतेम दोनशे पावलं. रिकामटेकडे नमस्कार करत होते. माझी मान वर होत नव्हती. दोन महिन्यांनी अर्धा तास, मग घरचा जिना. पाचव्या महिन्यात ती चालता चालता थांबली, माझ्याकडे नीट बघितलं.

"ठोंब्या, शर्टाची बटणं वरखाली लावलीस."

ठोंब्या मला फक्त तीच म्हणते. मी बटणं नीट लावत राहिलो, बराच वेळ.

सगळं परत आलं नाही. शेजारणींची नावं अजून निसटतात. पण रस्ते, औषधं, वेळा जागेवर आल्या. एकदा जिन्यात मी म्हणालो, ताई, माझं चुकलं. "चुकलं," ती म्हणाली आणि पुढची पायरी चढली. वर पोचल्यावर सांगितलं की तिने पलीकडच्या गल्लीत खोली बघितली आहे. डॉक्टरीणबाईंना विचारून झालं होतं. रोज कोणीतरी जाऊन यावं, एवढीच त्यांची अट.

"माझ्या घरी काय कमी आहे?"

"काही कमी नाही रे, म्हणून तर. इथे तू मला परत बसवशील."

त्याच दिवशी सकाळी तिचा पेला मीच भरून दिला होता.

बत्तीस वर्षांच्या पगारातून तिने जे साठवलं होतं, ते त्या खोलीच्या अनामतीत गेलं. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही.