खोकडाचं कुल

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात कोल्ह्याला कोल्हा म्हणत आणि खोकडालाही कोल्हाच. साठ-एकसष्ट साल असेल. यवतमाळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारा मी गावातला पहिलाच, त्यामुळे दिवाळीच्या सुटीत शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

एका सकाळी कापूस वेचायला गेलेल्या वहिनीच्या पोटरीला एक जनावर चावलं. भरदिवसा, माणसांना न भिता ते पऱ्हाटीतून चालून आलं होतं. दादाने ते काठीने मारलं आणि अंगणात आणून टाकलं. गाव जमलं, 'कोल्हा, कोल्हा' म्हणू लागलं. मी पुस्तक आणि टेप घेऊन बसलो. लहान चण, बारीक तोंड, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. खोकड! शास्त्रीय नाव व्हल्पेस बेंगालेन्सिस. जनावर आमच्या पऱ्हाटीतलं आणि नावात बंगाल, याची मला केवढी गंमत वाटली.

वहिनी जखमेवर हळद दाबून ओट्यावर बसली होती. तिने विचारलं, "भाऊजी, हे कुत्र्याच्या जातीचं हाय काय? कुत्रं चावलं त पोटात चौदा सुया घ्या लागते म्हनते."

"नाई वैनी," मी म्हणालो. "कुत्रा, लांडगा, कोल्हा हे एका जातीचे. ह्याची जात येगळी. कायले भेता?"

"बरं झालं माय," ती म्हणाली. सुयांना ती फार भ्यायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वेचायला गेली. मी ते मुंडकं डब्यात उकळलं, कवटी साफ केली, तिला नावाची चिठ्ठी बांधली आणि सुटी संपल्यावर कॉलेजला दिली.

संक्रांतीच्या आधी वहिनीला पाण्याचा पेला बघवेना. तिसऱ्या दिवशी ती गेली. अजूनही पाणी पिताना तिचा प्रश्न कानात येतो.

मी खोटं बोललो नव्हतो. जात वेगळीच होती. पण पुस्तकात जातीच्या वरच्याच ओळीत कुल दिलं होतं. कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड, सगळ्यांचं एकच. कुत्र्याला होतो तो रोग यांनाही होतो. ती ओळ मला पाठ होती.

वार्षिक परीक्षेत तोंडी घ्यायला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी टेबलावरून नेमकी तीच कवटी उचलली. चिठ्ठीवर माझंच अक्षर होतं.

"कुल?" त्यांनी विचारलं.

"कुत्र्याचं," मी म्हणालो.

"शाब्बास," ते म्हणाले.