दहा वाजताची गोळी

"काय गो, बरी दिसतंस हां! गाल बघ कशे भरलेहत."

दोन वर्षं हे ऐकलं. बाजारात ऐकलं, देवळात ऐकलं, एका तेराव्याला गेले होते तिथंसुद्धा ऐकलं. दर वेळी डोकं सणकायचं. मी मालवणाकडच्या एका मासळी बाजारात मासे विकते, वीस वर्षं झाली. सांधेवातासाठी रोज सकाळी स्टेरॉइडची गोळी घेते. त्या गोळीने तोंड सुजतं, गाल वाटोळे होतात, वर लाली चढते. लोकांना वाटतं, बाईने अंग धरलं. आणि आत काय होतं? बायकांच्या अंगात बारा तरी हवं ते हिमोग्लोबिन माझ्या अंगात सव्वासहा होतं. पण ते कुणाला दिसतं? दिसतात ते गाल!

स्टेरॉइडला मी नावं ठेवणार नाही. ती नव्हती तेव्हा माझी बोटं सकाळी उघडत नव्हती. सुरमई कापायची तर कोयता दोन्ही हातांनी धरायला लागायचा. महिन्यातून एकदा तालुक्याला सांध्यांचा डॉक्टर येतो, त्याने ती सुरू केली आणि बजावलं, ही एकदम बंद करायची नाही, एक दिवससुद्धा चुकवायची नाही. मी चुकवली नाही. उपास चुकवले, नवऱ्याशी भांडायचं चुकवलं, पण ती गोळी नाही.

मग दम लागायला लागला. जेटीवरून पाटी उचलून रिक्षापर्यंत जायचं, वीस पावलं, तर मध्ये दोनदा थांबायचं. कानात धडधड. उभी राहिले की डोळ्यांपुढे काळोखी. आणि बर्फ खावासा वाटायचा. हसू नका. माशांना लावायला बर्फाची लादी येते, ती फोडली की मी त्यातला एक तुकडा धुवायचे आणि कडाकडा चावायचे. दिवसाला पंधरा-वीस तुकडे. नवरा म्हणायचा, दात पडतील. बाजारातल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उकाडा केवढा असतो आमच्याकडे, बर्फ खाल्ला तर खाल्ला.

डॉक्टरने तपासण्या लिहिल्या. आता ह्या तपासण्यांवर माझा राग आहे तो ऐका. मी पहाटे चारला उठून लिलावाला जाते. लॅबवाला सांगणार, उपाशी या, नऊला या. नऊला जायचं तर साडेनऊला तो शटर उघडणार. तोवर मी पाच तास उपाशी, पायरीवर बसून. मग तो दंड बांधून शीर शोधणार. शीर मिळत नाही. डाव्या हाताला टोचलं, उजव्या हाताला टोचलं, मनगटाला टोचलं. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, टोचलं की हिरवे-निळे डाग पडतात आणि पंधरा पंधरा दिवस जात नाहीत. चार बाटल्या भरून झाल्या की म्हणणार, "मावशी, अजून एक लागेल."

"रे बाबा, अंगात रगत नाय म्हणान मी हय इलंय, आणि तू आसा ताच काढून घेतंस?"

तो हसला. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

त्या डागांनी दुसरीच भानगड केली. एक शिक्षिका माझ्याकडून नेहमी मासे नेते. तिने एकदा मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी काही त्रास आहे का? मला सांगा, मी मदत करते." तिला वाटलं, नवरा मारतो. माझा नवरा! होडीवर खलाशी आहे, सहा फूट उंच आहे आणि घरात पाल दिसली की मला हाक मारतो. त्याला सांगितलं तर बिचारा आठवडाभर बाजाराकडे फिरकला नाही. मला हसू आलं पाहिजे होतं. मी रडले आणि मग रडले म्हणून चिडले.

सल्ले तर पोत्याने मिळाले. बीट खा. खजूर खा. कलेजी खा, शिंपल्यांतल्या तिसऱ्या खा. लोखंडी तव्यावर भाकरी भाज. अगं बायांनो, तवा लोखंडीच आहे माझा, लग्नात आलेला! डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, ह्यांनी शौचाला काळं होईल, घाबरू नका. काळं झालं. मी घाबरले नाही. कशाला घाबरू, डॉक्टरनेच सांगितलं होतं.

तीन महिने लोह खाल्लं. आकडा सात झाला. परत तीन महिने. आकडा साडेसहा. डॉक्टरने कागदावरून मान वर न करता विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता ना?"

म्हणजे मी खोटारडी! मी म्हटलं, घेते. तो म्हणाला, "अजून दुसरं काही औषध चालू आहे का?" मी म्हटलं, "नाही." मोठ्या माणसांशी आम्ही शुद्ध बोलतो तसं बोलले, छातीवर हात ठेवून. "नाही डॉक्टर, फक्त तुमचंच." खरंच सांगते, मला ते खरंच वाटत होतं.

आता मावशीबद्दल सांगते. माझी सख्खी मावशी नव्हे. बाजारात माझ्या उजव्या हाताला बसते. लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला पाटी दिली आणि तिच्या शेजारी नेऊन बसवलं. मावशीने मला धंदा शिकवला. बोली कधी लावायची, कुठल्या गिऱ्हाइकाला पाणी विचारायचं आणि कुठल्यावर तोंड सोडायचं. पहिल्या दिवशी तिने बांगडा घेतला, त्याचा कल्ला बोटाने उचलला आणि मला म्हणाली, "हय बघ. अंग सगळ्यांचाच चकाकता. लाल आसा तर ताजो, फिको तर बर्फातलो. कल्लो खोटा बोलणा नाय." वीस वर्षं मी त्याच बोटाने कल्ले उचलतेय.

दहा वाजता पहिली गर्दी ओसरते. तेव्हा आमचा चहा येतो. चहाबरोबर मावशी कनवटीची मिश्रीची डबी काढते आणि तिच्याच खालून गोळ्यांची पट्टी. दुखण्याची गोळी. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी लागत नाही, बोट दाखवलं की देतो, पट्टी कापून सुट्ट्यासुद्धा देतो. सकाळपासून ओल्यात बसून कंबर धरलेली असते, हात गारठलेले असतात. मावशी एक स्वतः घेते, एक मला देते, पलीकडच्या बाईला देते. दुपारी मासे साफ करून झाले की परत एक. कधी मी पट्टी आणते, कधी ती. ज्या दिवशी माझी बोटं जास्त आखडलेली दिसायची त्या दिवशी ती न विचारता दोन ठेवायची माझ्या हातावर. "घे गो, आदी खा, मगे बस." माझ्या आईनेही इतकं बघितलं नाही माझ्याकडे.

ते औषध कुठलं? तो आमचा चहा होता. चहाला कुणी औषध म्हणतं का? म्हणून मी डॉक्टरला नाही म्हटलं.

पावसाळ्यानंतर एका सकाळी मी लिलावातच खाली बसले. पडले म्हणायला हवं, पण मी बसले असंच सांगते सगळ्यांना. नवऱ्याने गोव्याला नेलं. तिथं आधी दोन बाटल्या रक्त चढवलं, दुसऱ्या दिवशी घशात फवारा मारून दुर्बीण घातली. तो प्रकार मी सांगत नाही. सांगितला तर तुम्ही कुणी जाणार नाही, आणि जायला तर हवं.

तिथली डॉक्टरीण माझ्याहून वयाने लहान. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. आधी पापणी खाली ओढून बघितली. दोन वर्षांत कुणी बघितली नव्हती, सगळे कागद बघायचे. मग म्हणाली, "बर्फ खावासा वाटतो?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, आता दातांचं निघणार.

"लोह कमी झालं की कित्येकांना वाटतो," ती म्हणाली. "आता मला औषधं सांगू नका. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं ते सांगा. सगळं."

मी सांगायला लागले. चारला काळा चहा. सहाला बेकरीतलं कडक बटर. नाश्त्यानंतर स्टेरॉइड. बर्फ. दहाला चहा आणि गोळी.

"कुठली गोळी?"

"दुखण्याची. सगळ्याच घेतात."

तिने खुर्ची आणखी पुढे ओढली. मग हळूच विचारलं, "किती वर्षं?"

स्टेरॉइड आणि ही गोळी, दोन्ही एकत्र पोटात जात होत्या आणि पोटाला आतून जखमा करत होत्या. तीन जखमा होत्या, त्यातून रक्त थेंब थेंब जात होतं. काळं होत होतं ते नुसतं लोहाचं नव्हतं, माझं रक्त होतं. मी वरून बीट, खजूर आणि कलेजी ओतत होते आणि ते खालून जात होतं. स्टेरॉइड थोडी कमी करून चालू ठेवायची, पोटासाठी वेगळी गोळी घ्यायची, आणि ती दुखण्याची गोळी ह्या जन्मात तोंडात घालायची नाही.

परत येताना एसटीत मी धुमसत होते. कुणावर चिडू ते ठरेना. डॉक्टरवर चिडले, वर बघून नीट विचारलं असतं तर! मेडिकलवाल्यावर चिडले, शिरा पडो त्याच्या तोंडार, माझ्या तोंडाला सूज दिसत होती त्याला, पट्टी कापताना एकदा विचारायचं होतं. पण फिरून फिरून राग माझ्यावरच येत होता. मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं, छातीवर हात ठेवून.

दीड महिना घरी काढला. बोटं परत आखडली, कारण आता ती गोळी नव्हती. रात्री गरम पाण्यात हात घालून बसायचं आणि शिव्या द्यायच्या, एवढंच औषध. मग एक दिवस बाजारात गेले. कोयता नीट धरवत नव्हता, पण गेले.

मावशीने माझी जागा राखून ठेवली होती. तिथं स्वतःची पाटी पसरून बसली होती दीड महिना, कुणी बसू नये म्हणून. मला बघून म्हणाली, "इलंस? वाळलंस गो. गाल खंय गेले तुझे?" तिला ते वाईट लक्षण वाटलं.

दहा वाजले. चहा आला. मावशीने कनवटीत हात घातला आणि माझ्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. माझी बोटं बघितली होती ना तिने.

आणि मी फुटले. भर बाजारात ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. तूच मला विष घालत होतीस असंसुद्धा बोलले. गोळ्या गटारात फेकल्या. गिऱ्हाइकं बघत राहिली. मावशीने मान खाली घातली, लादीच्या चुऱ्यातला एक बर्फाचा तुकडा उचलला, लुगड्याला पुसला आणि तोंडात टाकला. कडाकडा चावला. लगेच दुसरा उचलला.

माझ्या रागाचं पाणी पाणी झालं. मी उठून तिच्यापुढे बसले.

"मावशे, बर्फ कधीपासून खातंस?"

"होऽ! गरम होता म्हणान खातंय. माका काय झाला नाय. तुझ्यासारख्यो रोजच्यो गोळ्यो मी खाणंय नाय, मी फक्त दुखण्याचीच खातंय."

"ती किती वर्सा?"

"तू ह्या बाजारात येवच्या आदीपासून."

मी माशांचा हात पदराला पुसला, तिची हनुवटी धरली आणि बोटाने खालची पापणी ओढली. तिनेच शिकवलेलं बोट. तीन दिवस बर्फात ठेवलेल्या बांगड्याचा कल्लासुद्धा इतका पांढरा नसतो.

"उठ," मी म्हटलं.

"गिऱ्हाईक आसा गो."

"गिऱ्हाईक गेला खड्ड्यात. उठ."

दोघींच्या पाट्यांवर गोणपाट टाकलं आणि तिला रिक्षात घातलं. लॅबच्या त्याच पायरीवर आम्ही बसलो. मी रिक्षात बसल्यापासून शिव्या देत होते, लॅबवाल्याला, मेडिकलवाल्याला, ऊन लागत होतं म्हणून उन्हाला. मावशी मध्येच म्हणाली, "तुझे हात दुखतत मां? त्यो गोळ्यो गटारात टाकल्यो नसतंस तर..." मी म्हटलं, गप बस.

दुपारी कागद आला. मावशीला वाचता येत नाही, तिने तो माझ्याकडे दिला. मी आकडा बघितला.

"किती गो?"

"चार."

"तुझो किती होतो?"

"सव्वासहा."

तिने थोडा विचार केला. "मगे माझो कमी आसा," ती म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला. "बरा झाला. माका तुझ्याएवढा नाय."

माझ्या तोंडाशी एक शिवीसुद्धा आली नाही. मी कागद घडी करून कनवटीला लावला आणि तिला हाताला धरून पायरीवरून उठवलं.