फेकू नका ती पुडी

"स्टेरॉइड कधीपासून घेताय?" डॉक्टर मॅडमनी रिपोर्टवरून नजर न काढता विचारलं.

"मी? छे! कधीच नाही," मी म्हणाले.

"मग हे बघा. तुमचा चेहरा, तुमचं पोट, ही साडेतीनशे शुगर. सगळं अंग सांगतंय की कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन फार वाढलंय. याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. आणि रक्ताचा रिपोर्ट म्हणतो, तुमच्या अंगात कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच. हे दोन्ही एकदम खरं कधी असतं? माणूस बाहेरून काहीतरी घेत असतो तेव्हा. एखादी पुडी, चूर्ण, जडीबुटी?"

"नाही हो," मी म्हणाले. तेव्हा माझ्या पर्समध्ये, पेनाच्या कप्प्यात, चार पुड्या होत्या.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. चोवीस वर्षं झाली. अंतःस्रावी ग्रंथींचा धडा मला तोंडपाठ आहे. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी, तिला इंग्रजीत अॅड्रिनल म्हणतात, हे मी पोरांकडून घोकून घेते. डॉक्टरांचं पहिलं वाक्य संपायच्या आत मला सगळं कळलं होतं. तरी मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. हा अनुभव लिहायचं कारण तेच. माझ्यासारख्या शहाण्या बायका इथं गल्लोगल्ली आहेत.

सुरुवात गुडघ्यांपासून झाली. आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. दिवसातून सहा वेळा चढ-उतर. या प्रसंगाच्या दोन वर्षं आधी अशी वेळ आली की मी जिन्याचा कठडा धरून बाजूनं खेकड्यासारखी उतरायची. गोळ्यांनी पित्त व्हायचं. ऑपरेशनचं नाव काढलं की घाम फुटायचा.

तेव्हा आमच्या आक्का धावून आल्या. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, पिशोरला असतात. माझी आई गेल्यावर माझं दुसरं बाळंतपण ज्या बाईनं केलं, ती ही. त्यांचेही गुडघे गेलेले, पण आता टणाटण चालत होत्या. डोंगराकडच्या एका वस्तीवर एक म्हातारा पुडी देतो म्हणाल्या. पैसा घेत नाही, मंत्र घालत नाही, दोरा बांधत नाही. रोज सकाळी चिमूटभर, कोमट पाण्यातून.

आमचं घर बौद्ध. सासऱ्यांच्या काळापासून घरात अंगारा, गंडा, ताईत यांना दार बंद. कोणी लिंबू-मिरची दिली तर आमचे हे लिंबाचं सरबत करतात आणि मिरची फोडणीला घालतात. म्हणून मी पुडीची कसून चौकशी केली. मंत्र आहे का? नाही. उतारा? नाही. मग हे औषध झालं, अंधश्रद्धा नव्हे, असा मी निकाल दिला. नेमकी तिथंच चुकले. मंत्र नाही एवढंच तपासलं. आत काय आहे ते विचारलंच नाही.

एकच अट होती. "डॉक्टरला सांगायचं नाय बरं का, शोभा. सांगितलं की गुण जातो."

मी हसले होते त्या अटीला. पण पाळली मात्र शंभर टक्के. घरातसुद्धा अळीमिळी गुपचिळी. सगळ्यांना सांगितलं, आक्कांनी मेथीचं चूर्ण दिलंय.

गुण काय सांगू तुम्हाला! चौथ्या दिवशी मी जिना सरळ उतरले. भूक अशी लागायची की मधल्या सुट्टीत डबा संपवून मी दुसऱ्या बाईंच्या डब्याकडे बघायची. चेहरा भरला. स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे, "मॅडम, मानवलं बरं का काहीतरी!" मीही खूश. वर्षभरानं तोच चेहरा गरगरीत झाला, डोळे आत गेले, हनुवटीवर केस आले. पोट सुटलं आणि हातपाय मात्र काड्या. पोटावर जांभळे पट्टे उमटले. टेबलाचा कोपरा लागला तरी हातावर काळंनिळं व्हायचं. खाली बसले की हात टेकल्याशिवाय उठता येईना. मग तहान सुरू झाली, सारखं लघवीला जाणं सुरू झालं, आणि तपासणीत डायबेटिस निघाला.

मी पुडी बंद करून बघितली नव्हती असं नाही. एकदा आक्कांच्या गावची बस बंद होती, पुडी संपली. दुसऱ्या दिवशी अंग असं मोडून आलं की पलंगावरून उठवेना. पुडी आली, घेतली, तासाभरात ताजीतवानी. म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तिथंच ओळखायला हवं होतं की आता मी पुडी घेत नाही, पुडी मला घेतेय.

डॉक्टर मॅडमशी खोटं बोलून घरी आले आणि लाज वाटली. स्वतःची किळस आली म्हणा ना. रिक्षातून उतरल्या उतरल्या बाथरूममध्ये गेले, चारही पुड्या ओतल्या आणि वर दोन बादल्या पाणी. संपलं! डॉक्टरांना सांगायची गरजच नाही, आक्कांचं नाव यायला नको, आपोआप बरी होईन. दुसरी आणि सगळ्यात मोठी चूक ही.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी हाडं दुखायला लागली. तिसऱ्या दिवशी उलट्या. चौथ्या दिवशी सकाळी शाळेसाठी साडी नेसताना डोळ्यांसमोर काळोख आला आणि मी कपाटाला घसटत खाली बसले. यांनी आणि शेजारच्यांनी मिळून मला जालना रोडवरच्या दवाखान्यात नेलं.

तिथलं सांगते, कारण ते विसरता येत नाही. दोन्ही हातांना सलाइन. रक्तदाब सत्तरच्या वर जाईना. दोन महिने साडेतीनशे असलेली शुगर आता साठवर आली होती. तरुण डॉक्टर यांना विचारत होते, "काय खाल्लं? कुठली गोळी घेतात? अॅलर्जी?" आणि हे बिचारे म्हणत होते, "काही नाही हो, फक्त शुगरची आणि थोडं मेथीचं चूर्ण."

मला सगळं ऐकू येत होतं. उत्तर मला माहीत होतं. आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. अशक्तपणा होता, पण खोटं कशाला बोलू, नुसता अशक्तपणा नव्हता. आता सांगितलं तर चोवीस वर्षांची विज्ञानाची बाई म्हणून माझी काय इज्जत राहील, आक्कांना हे काय म्हणतील, हे विचार त्या अवस्थेतही डोक्यात होते. मरताना माणूस मोठं काहीतरी आठवतो म्हणतात. मला स्टाफरूम आठवत होती.

मग यांनी माझ्या पायावर हात ठेवला. ते तळवे चोळायला लागले. मी डोळे उघडले आणि म्हणाले, "पुडी. दोन वर्षं. सोमवारी फेकली."

तरुण डॉक्टर जागच्या जागी वळले. "सिस्टर, हायड्रोकॉर्टिसोन! लवकर!"

या प्रकाराला अॅड्रिनल क्रायसिस म्हणतात. यांनी कळवल्यावर संध्याकाळी डॉक्टर मॅडम आल्या, त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. "घरात दोन वर्षं रोज बाहेरून डबा येत असेल तर चूल कोण पेटवेल? तुमच्या ग्रंथीनं काम सोडून दिलं. अशा कितीतरी पुड्यांत स्टेरॉइडची, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणाऱ्या औषधाची, गोळी कुटून घातलेली असते. आणि तुम्ही एका दिवसात डबा बंद केलात. चूल विझलेली, डबा नाही. माणूस जगेल कसा?"

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा मला एकदम आठवलं आणि मी यांचा हात धरला. "अहो, आक्का! आक्कापण घेतात. तीन वर्षं झाली. फोन लावा, म्हणावं आत्ताच्या आत्ता फेकून दे!"

"थांबा!" डॉक्टर मॅडम जवळजवळ ओरडल्या. "फेकू नका म्हणावं! इथं घेऊन या त्यांना. तोपर्यंत एक दिवससुद्धा चुकवू देऊ नका."

फोन मीच घेतला. सगळं सांगितलं. आक्का पलीकडून कडाडल्या.

"तू डॉक्टरला सांगितलंस व्हय? म्हणूनच पडलीस! गुण घालवलास तू, शोभे!"

"आक्का, मी आधी पडले, मग सांगितलं!"

"तुमच्या शेरातल्या डॉक्टरांचं दुकान चालंना, म्हणून गरिबाच्या औषधाला नावं ठेवत्यात. मी नाय सोडायची. रोज घेणार. बघतेच कोण काय करतंय!"

आणि माझा जीव भांड्यात पडला. "घ्या आक्का," मी म्हणाले, "रोज घ्या. विसरू नका. फक्त सोमवारी पुडी घेऊन इकडे या." ज्या विषानं मला पलंगावर पाडलं, ते माझ्या माणसाला मी गयावया करून खायला सांगत होते. ते चार दिवस मी मोजून काढले. रोज सकाळी फोन करून विचारायची, "घेतली ना?" आक्कांना वाटायचं मी चिडवतेय.

सोमवारी त्या आल्या. डिस्चार्ज झाला होता, मी ओपीडीच्या बाकड्यावर त्यांची वाट बघत होते. लिफ्टमधून बाहेर आल्या आणि मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. तोच गरगरीत चेहरा, त्याच काड्यांसारख्या हातांवर काळेनिळे डाग. इतके दिवस आम्ही दोघी एकमेकींना "तब्येत सुधारली" म्हणत होतो.

आक्कांनी डॉक्टर मॅडमचं सगळं ऐकलं.  रक्त दिलं, रिपोर्ट आला. त्यांचीही चूल विझलेली. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता सुटका कवा?"

"सांगता येत नाही. सहा महिने, वर्ष, जास्तही. पुडीऐवजी मोजून गोळी द्यायची, हळूहळू कमी करायची. ग्रंथी जागी झाली तर सुटलात."

"आन् नाय झाली तर?"

"तर गोळी चालू ठेवायची."

बाहेर आल्यावर आक्का बाकड्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. "मी पाजलं गं तुला हे. माझ्या हातानं."

"पाजायला मी तान्हं बाळ होते का, आक्का? मी स्वतः खाल्लं. आणि विज्ञान शिकवत खाल्लं," मी म्हणाले आणि मीपण रडले.

दहा महिने झाले त्याला. माझा दिवस आता गोळीच्या तालावर चालतो. सकाळी उठल्याबरोबर दोन, दुपारी एक. ताप आला तर दुप्पट. उलटी झाली तर थांबायचं नाही, सरळ इंजेक्शनला जायचं. पर्समध्ये चिठ्ठी असते, बेशुद्ध सापडले तर काय टोचायचं त्याची. भाचीच्या लग्नाला वैजापूरला गेले आणि गोळ्या घरी राहिल्या, तर लग्न लागायच्या आधी आमचे हे मेडिकल शोधत बाजारपेठेत पळत होते. गुडघे परत दुखतात, पहिल्यापेक्षा जास्त. शुगर कमी झाली पण गेली नाही. कधी कधी रडू येतं, राग येतो, कोणावर काढायचा कळत नाही. ज्यानं आजारी पाडलं तेच औषध म्हणून रोज गिळायचं, याच्याइतकी दुसरी कैद नाही. हे मी गोड करून सांगणार नाही.

पण जिवंत आहे. त्या तरुण डॉक्टरांमुळे, आणि माझे तळवे चोळणाऱ्या यांच्या हातामुळे. तुमच्याकडे अशी पुडी असेल तर हात जोडून सांगते, आज फेकू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि टेबलावर ठेवा. लाज वाटेल. वाटू द्या. लाजेनं कोणी मरत नाही, लपवल्यानं मरतं.

मागच्या आठवड्यात माझी सकाळी आठची कॉर्टिसॉलची तपासणी झाली. आकडा पहिल्यांदा वर सरकला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "जागी होतेय. असंच राहिलं तर दोन-तीन महिन्यांत गोळी थांबवून बघू." आक्कांचा आकडा मात्र हललेला नाही. तीन वर्षांची पुडी आणि त्यात वय.

मी त्यांना अजून रोज सकाळी फोन करते. "घेतली का?" "घेतली. तू?" "घेतली." एवढंच. माझा रिपोर्ट सांगितला तेव्हा आक्का लई खूश झाल्या, जिलेबी वाटते म्हणाल्या, मग स्वतःच म्हणाल्या, नको, दोघींनाही शुगर. हसलो. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं,

"शोभे, तू सुटलीस तरी सकाळी फोन करशील ना मला?"