भिंगरीची सकाळची गोळी

भिंगरीला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सुतारकामात त्याचा हात धरणारा दुसरा नाही. पण कपाटाला एक दार लावलं की दुसरं विसरून हा खिडकीच्या मागे! घरातल्या त्याच्या अर्धवट खुर्च्यांवर बसायची कुणाची छाती होत नसे. आईवडिलांमागे थोरल्या ताईनं शिवणकाम करून त्याला वाढवलं आणि शेवटी त्याच्यापुढे हात टेकले.

एका बड्या बंगल्याच्या कामावर त्याला कोकेनची चटक लागली. व्यसनमुक्ती केंद्रातून तो पळून आला, पुन्हा गेला, पुन्हा पळाला. मग एका डॉक्टरीणबाईंनी वेगळंच विचारलं, "घेतल्यावर काय करायचास?"

"हातातलं कपाट पुरं करायचो. मग शांत झोपायचो."

बाई सावरून बसल्या. कोकेननं माणसाची झोप उडते, याला लागत होती! त्याच्या शाळेपासूनच्या चौकश्या झाल्या, तपासण्या झाल्या आणि निघालं काय, तर लक्ष न टिकण्याचा आजार, लहानपणापासूनचा. मग दोन्हींवर एकदम उपचार सुरू झाले: दर आठवड्याला समुपदेशन आणि रोज सकाळी एक गोळी. गोळी उत्तेजक आहे, कुलपात ठेवा, असं बाईंनी ताईला बजावलं.

भिंगरी मार्गी लागला. पण ताईच्या डोक्यात तो 'उत्तेजक' शब्द जो बसला, तो हलेना. एक व्यसन सोडवायला दुसरं? कुणाला न विचारता ती गोळीऐवजी शक्तीची गोळी देऊ लागली. हातावर पडेल ते न बघता गिळणारा हा, त्याला कसला पत्ता! धन्य ती ताई!

हळूहळू लाकूड चिकटवायच्या सरसाचे डबे उघडे राहू लागले, कामं पुन्हा अर्धवट पडू लागली, समुपदेशन बुडालं. एका दुपारी तो येऊन ताईच्या मशीनशेजारी जमिनीवरच बसला.

"ताई, गोळी घेऊनही काही होत नाही गं. मी मुळातच नालायक. आज त्या माल विकणाऱ्याच्या दारापर्यंत जाऊन आलो. बेल नाही वाजवली. उद्या वाजवेन."

ताईच्या पायाखालची जमीन सरकली. खरं सांगावं तर भाऊ तुटणार, न सांगावं तर भाऊ जाणार. तिनं रडत सगळं सांगून टाकलं.

त्यानं विचारलं, "म्हणजे मी नालायक नव्हतो?"

"नाही रे राजा. माझीच अक्कल गहाण पडली होती."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. "ऊठ. आत्ताच बाईंकडे चल. आणि कुलपाची किल्ली आजपासून शेजारच्या मास्तरांकडे. तुझ्याकडे नको."

ते तिला फार लागलं. तिनं कमरेची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.