लुंगीचे चार तुकडे

आमच्या गाडीचा मॅनिफोल्ड बदलायला मिस्त्रींना अख्खा दिवस लागणार होता आणि तो दिवसभर मी त्यांच्या डोक्यावर उभा राहणार, हे बायकोनं आधीच ओळखलं होतं. "त्यांना काम करू द्या जरा," सकाळी हातात डबा देताना ती म्हणाली. "ते तुमच्या कंपनीतले नाहीत."

टोमणा बरोबर होता. उरवड्याच्या एका कारखान्यात मी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली. दुसऱ्यानं केलेला माल हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा आणि चुकला असेल तर त्यावर लाल रंगाचा फराटा ओढायचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी डोळ्याची खोड गेलेली नाही. हॉटेलात डोसा आला की मी आधी त्याच्या कडा बघतो. बायको म्हणते, काहीतरी खोट सापडल्याशिवाय तुम्हाला अन्न गोड लागत नाही. मी वाद घालत नाही, कारण तिचं खरं आहे.

गाडी तशी तिचीच. जुनी, डिझेलवरची, चार सिलिंडरची, टर्बो असलेली. ती ताम्हिणीच्या शाळेत शिकवते आणि पिरंगुटहून रोज याच गाडीनं जाते-येते. एप्रिलमध्ये गाडी चढाला धापा टाकायला लागली. मागून काळा धूर, पायाखाली ताकद नाही, आणि दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा रडतखडत. "तुमच्यासारखीच रिटायर झाली," बायको म्हणाली. पुण्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली, तर तिथल्या पोरानं लॅपटॉप जोडला, दोन मिनिटं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, इतक्या जुन्या गाडीत काही पॉइंट नाही, काढून टाका." मला असा राग आला की मी चहासुद्धा न घेता निघालो.

मिस्त्रींनी लॅपटॉप लावला नाही. मला गाडी रेस करायला लावली, कान लावून ऐकलं, एक पाइप ढिला करून आत बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. बोटावर डांबर. "हवंचा रस्ता तुंबलाय," ते म्हणाले.

मॅनिफोल्ड म्हणजे टर्बोनं दाबून पाठवलेली हवा चारही सिलिंडरांना वाटून देणारा नळा. हाताच्या पंजासारखा असतो. मनगटातून हवा आत शिरते आणि चार बोटांतून इंजिनात जाते. जुन्या डिझेल गाडीत काजळी आणि तेल मिळून त्या बोटांत थर साचत जातो. आमच्या गाडीत आतली एक झडपही मोडली होती, त्यामुळे धुऊन भागणार नव्हतं, नवाच बसवायला लागणार होता.

मिस्त्री माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. पिरंगुटच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पुढं एक कडुनिंब आणि आत वर्षानुवर्षांच्या ग्रीसचा वास. आमची ओळख वीसेक वर्षांची असेल. पण या वेळी काम सुरू करण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एक गोष्ट सांगितली. मार्चमध्ये एका भाजीवाल्याच्या टेंपोचं ऑइल बदलताना त्यांच्याकडून खालचा बोल्ट पूर्ण आवळायचा राहिला. सगळं तेल रस्त्यात गळून गेलं आणि इंजिन जाम झालं. त्यांचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे, नेऱ्याला फ्लॅट घेऊन राहतो. तो धावत आला आणि त्यानं स्पष्ट सांगितलं, अब्बा, आता आणखी एक चूक झाली की गॅरेज बंद करायचं आणि माझ्याकडं राहायला यायचं.

"मी कबूल केलंय," मिस्त्री म्हणाले. "तवापास्नं मी नुसती ब्रेकची न् पंक्चरची कामं घेतुया. इंजिनचं काम तुमचंच पयलं हाय. आधीच सांगतो, न्हाईतर दुसरीकडं न्या."

मी म्हटलं, दुसरीकडे कशाला? पण मनात शंकेचा किडा वळवळलाच. खरं सांगायचं तर त्याच क्षणी मी ठरवलं की यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं.

त्यांची कामाची पद्धत मात्र माझ्यासारख्या माणसाला भुरळ घालणारी. एका पुठ्ठ्यावर त्यांनी पेन्सिलीनं मॅनिफोल्डचं चित्र काढलं. जो बोल्ट जिथून निघाला तो चित्रात त्याच जागी खुपसून ठेवायचा. मागच्या बाजूचे दोन बोल्ट हाताला लागत होते, डोळ्याला दिसत नव्हते. ते काढताना मिस्त्री डोळे मिटून घ्यायचे. मी शेजारी उभा राहून मोजत होतो. त्यांच्या ते लक्षात आलं.

"मोजा मोजा," ते हसून म्हणाले. "चार डोळं असल्यालं बरं."

जुना मॅनिफोल्ड निघाला तेव्हा त्याची बोटं काळ्या चिखलानं निम्मी भरलेली होती. आता इंजिनाच्या अंगावर चार उघडी भोकं दिसायला लागली. यात चुकून एखादी वॉशर पडली तरी इंजिनाची वाट लागते. मिस्त्रींनी आतून एक जुनी निळी लुंगी आणली, दातानं कड तोडली आणि टर्रकन फाडून तिचे चार तुकडे केले. एकेका भोकात एकेक बोळा. "चार तोंडं, चार तुकडं," ते म्हणाले. "काम झालं की चारी तुकडं जमिनीवर जोडून बगायचे. लुंगी पुरी झाली तरच चावी फिरवायची. माज्या उस्तादाची शिकवण हाय."

इतका साधा आणि इतका पक्का हिशेब कंपनीतही कधी बघितला नव्हता. माझा किडा जरा शांत झाला.

दुपारी ते नमाजाला गेले. मी डबा खाऊन गाडीजवळ येऊन बसलो. टर्बोकडून येणारा जाड रबरी पाइप काढून बाजूला लटकवून ठेवला होता, त्याचं तोंड उघडंच होतं. समोरच्या रस्त्यानं खडी भरलेले डंपर चाललेले आणि प्रत्येक डंपरमागे धुळीचा लोट. बघा, मी मनात म्हटलं, भोकं झाकली पण पाइप राहिलाच ना? सापडली चूक. मी खिशातून रुमाल काढला, घडी केली आणि पाइपात चांगला चार बोटं आत कोंबला. मिस्त्री आले की सांगू, असं ठरवलं. ते आले तेव्हा सोबत दोन कप चहा घेऊन आले, गप्पा सुरू झाल्या आणि सांगायचं राहून गेलं.

चारच्या सुमाराला सगळं जुळून आलं. सांध्यातलं नवं गॅस्केट बसलं, नवा मॅनिफोल्ड चढला. मधल्या बोल्टापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं करत त्यांनी सगळे बोल्ट आवळले. पाइप जोडला, क्लिप घट्ट केली. मग उकिडवे बसून जमिनीवर लुंगीचे चार तुकडे शेजारी शेजारी मांडले. फाटलेल्या कडा एकमेकींना बरोबर जुळल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पास.

चावी फिरवली. गाडी सुरू झाली, चार-पाच सेकंद छान चालली आणि मग घुसमटल्यासारखी थरथरली. धुराचा काळा ढग निघाला आणि ती बंद पडली. दुसऱ्यांदा चावी फिरवली, तर नुसतीच कण्हली.

कपाळावर घाम आला म्हणून मी रुमालासाठी खिशात हात घातला. खिसा रिकामा.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. पण मी बोललो नाही. का, ते सांगायला आजही जिवावर येतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मालावर लाल फराटे ओढले, आपल्या नावावर एकही ओढून घेतलेला नाही. रुमाल डबा खाताना कुठंतरी पडला असेल, मी स्वतःला समजावलं. दुसरंच काहीतरी असेल. आपण उगीच कशाला?

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी तुकडे पुन्हा जोडून बघितले. पुठ्ठ्यावर एखादा बोल्ट राहिलाय का ते बघितलं. मग बॉनेटला धरून तसेच उभे राहिले. "गॅस्केट उलटं बसलं असंल माज्याकडनं," ते हळूच म्हणाले. "डोळं दगा देत्यात आता. पोरगं म्हणतंय त्यात खोटं न्हाई काय."

आणि ते परत सगळं उघडायला लागले. इंजिन तापलेलं होतं. मागचा बोल्ट काढताना पाना सटकला आणि त्यांच्या बोटाचं सालटं निघालं. बोटाला फडकं गुंडाळून ते परत वाकले. एक बोल्ट, दोन बोल्ट. मी बॅटरीचा उजेड धरून उभा. अर्धा तास मी त्या माणसावर उजेड पाडत उभा होतो.

तिसरा बोल्ट पुठ्ठ्यात खुपसताना त्यांच्या बोटाचं रक्त चित्राला लागलं, तेव्हा मला ते सहन झालं नाही.

"मिस्त्री, आधी तो पाइप काढा."

"पाइपाला काय हुतंय? पाइप बराबर हाय."

"काढा तर."

त्यांनी क्लिप ढिली करून पाइप ओढला. मॅनिफोल्डच्या तोंडाशी माझा रुमाल चिकटून बसला होता, काळाकुट्ट झालेला. त्यांनी तो दोन बोटांत धरून बाहेर काढला आणि उलटसुलट करून बघितला.

"ह्यो कुनाचा?"

"माझा. तुम्ही नमाजाला गेलात तेव्हा मी घातला. धूळ जाऊ नये म्हणून. सांगायचं विसरलो."

"परत बोला."

"माझा आहे मिस्त्री. चूक माझी आहे."

वाटलं होतं, चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी हात पुसले, खिशातून मोबाइल काढला, मुलाला लावला आणि माझ्या हातात दिला. "ह्येला सांगा. बाहेरनं कळलं तर माजीच चूक धरंल."

मी सांगितलं. पलीकडं मुलगा ऑफिसात असावा, हळू आवाजात बोलत होता. आधी त्याला पटेचना. "काका, तुम्ही त्यांना कव्हर करताय," तो म्हणाला. "मला माहितीये तुमची दोस्ती आहे. पण सीरियसली, त्यांना आता झेपत नाही." जन्मभर माझ्या नुसत्या शब्दावर लोकांचा माल परत गेला, आणि आज मी स्वतःची चूक सांगतोय तर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही. माझा आवाज चढला. "अरे बाबा, मी आयुष्यात कुणाला कव्हर केलेलं नाही. तुझ्या वडिलांचं काम मी दिवसभर तपासलंय, एक बोल्ट इकडचा तिकडे नाही. रुमाल माझा, तो मी घातला. हे लिहून पाहिजे असेल तर लिहून देतो." तेव्हा कुठं तो म्हणाला, "बरं. रविवारी येतो मी. अब्बांना सांगा, बोटाला काहीतरी लावा म्हणावं." बोटाचं मी त्याला सांगितलं नव्हतं, पण मुलगा वडिलांना ओळखून होता.

मिस्त्रींनी फोन खिशात टाकला. काढलेले तीन बोल्ट परत बसवले. कुठं काही आत गेलं नाही ना, हे पाइपात उजेड टाकून दोघांनी बघितलं आणि मग पाइप जोडला. या वेळी गाडी सुरू झाली ती सुरूच राहिली, आणि तिचा आवाज असा स्वच्छ होता की रस्त्यावरून जाणाऱ्यानं वळून बघावं. मला आनंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता.

हात धुता धुता ते म्हणाले, "साहेब, एक इचारू? तुमाला कवा कळलं?"

वेळ मारून नेता आली असती. पाइप निघाला तेव्हाच कळलं, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं.

"गाडी बंद पडली तेव्हाच," मी म्हणालो.

नळाचं पाणी वाहत राहिलं. "मंग अर्दा तास गप का ऱ्हायलात?"

"लाज वाटली हो."

त्यांनी नळ बंद केला. बोटावरचं फडकं सारखं केलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला तर गाडी नीट झाली तरी धास्ती वाटती. गिऱ्हाईक गेलं की वळणावर दिसंनासं होईस्तोवर मी हितं उभा ऱ्हातो. परत येतंय का काय म्हणून."

सहा वाजता मी गाडी बाहेर काढली. आरशात बघितलं तर ते कडुनिंबाखाली उभे होते, हात मागे बांधून. वळण पार केल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि त्यांना फोन लावला.

"मिस्त्री, आत जा आता," मी म्हणालो. "गाडी मस्त ओढतेय."