दिवेलागणीची हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. मग तुम्हाला तरी का सांगतेय? घाबरलेय म्हणून. खरंच घाबरलेय.

बारावीला मी बिलोलीहून लातूरला आले, मेडिकलच्या क्लाससाठी. राहायला आत्याकडे. आत्याची लेक छबू भूकंपात गेली, दुधाचे दात पडायच्या वयात. गावाकडचं घर पडलं, आत्या लातूरला आली. पण रोज दिवेलागणीला उंबऱ्यात उभी राहून हाक मारायची — "छबे, ये गं माय घरात, अंधार पडला." खेळायला गेलेल्या पोरीला मारावी तशी. इतकी वर्षं!

मला त्या हाकेची भीती वाटायची. आणि लाज — खरं सांगायचं तर लाजच जास्त. गल्लीत सगळी क्लासची पोरं, ती दात काढायची. एकीनं तर भर वर्गात माझ्याकडं बघून तश्शीच हाक मारली. अंगाची नुसती लाहीलाही झाली.

त्या दिवसांत मी मोबाइलवर एक जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टूनची मालिका, बघायचे. मेलेल्या लेकरांचं गाव. राखेच्या रंगाचं आभाळ, ऊन नाही, सण नाही. शाळा भरते ती सुटतच नाही. जेवणाला चव नाही. कुणी मोठं होत नाही, आणि हळूहळू आईचं तोंडही आठवेनासं होतं. तरी रोज बघायचे. आमचं तरी काय वेगळं होतं हो? क्लास, टेस्ट, परत क्लास.

वर्गात ती हाक ऐकली त्या संध्याकाळी तणतणत घरी आले. आत्या वाती वळत बसली होती. मोबाइल तिच्या पुढ्यात धरला, ते गाव दाखवलं. म्हटलं, छबू इथंय. आणि — कसं सांगू — म्हटलं, जिला इथून कुणी हाक मारतं तिला पुढं जाता येत नाही, ती तिथंच अडकून पडते.

असलं काही त्या ॲनिमेत नव्हतंच. ते मी रचलं. हाक बंद व्हावी म्हणून.

बंद झाली, त्याच दिवशी. पुढं रोज आत्या उंबऱ्यात यायची, पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी राहायची आणि आत जायची. मी आत अभ्यास करत राहिले. मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं.

डॉक्टर झाले. गेल्या वर्षी आत्याला नांदेडला आणलं, मी काम करते त्याच दवाखान्यात. शेवटचंच होतं. दुपारी तिनं माझा हात घट्ट धरला. "बाई, मी लई वर्षं हाका मारल्या गं तिला. माझ्यामुळंच अडकलं का लेकरू तितं? सुटली आसंल का आता?"

म्हणजे इतकी वर्षं ती हेच उराशी धरून बसली होती? आपणच लेकीला त्या राखेत डांबलं म्हणून? खोटं होतं गं आत्या — एवढंच म्हणायचं होतं. शेजारी सिस्टर उभी होती, माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. मी म्हणाले, "सुटली असेल."

असेल! आत्या दाराकडं बघत गेली.

आता माझी लेक संध्याकाळी खाली खेळते. अंधार पडला की मी दारात येते, तोंड उघडते, पण तिचं नाव घ्यायचा धीर होत नाही. खाली जाते आणि हाताला धरून तिला वर आणते.