न हलणारा कॅमेरा आणि चांगुणाची चाल

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी ओटीवर बसल्या बसल्या माहेरी जाऊन आले... थेट सिद्धगडाच्या माचीवर. गुडघे जागचे हलले नाहीत.

आधीच सांगते, मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात सायली मोबाईलवर लिहिते. चुकलं काही तर तिला बोला.

सायली वाशिंदला कंपनीत आहे. सुट्टीला डोंगर चढते आणि व्हिडिओ करते. तिच्याकडे काडेपेटीपेक्षा जरा मोठा अ‍ॅक्शन कॅमेरा होता, छातीवर पट्ट्याने बांधायचा आणि चालू लागायचं... आम्ही छातीशी पोर बांधून चढायचो, त्याचा व्हिडिओ कोणी केला नाही.

माचीवर माझी धाकटी बहीण चांगुणा राहते, तिला तिथेच दिली. पावसाळ्यात ती खाचरात पडल्याची खबर आली. कोणी म्हणे हिंडते-फिरते, कोणी म्हणे अंथरूण धरलंय. तिला विचारावं तर एकच निरोप... "मी बरी हाय." चांगुणा चितेवरून पण बरी हाय म्हणेल, मी ओळखते तिला.

म्हणून मी सायलीला म्हटलं, तोंडी निरोप नको, मला ती चालताना दाखव. ती जुन्या कॅमेऱ्यात चांगुणाचं चालणं घेऊन आली. बघायला बसले तर झाडं नाचतायत, वाट उड्या मारतेय... चांगुणा लंगडतेय का कॅमेरा लंगडतोय, काही कळेना. वर मलाच चक्कर आली.

मग सायलीने नवा घेतला. स्वस्तातलाच, पण पुढचं मॉडेल. म्हणाली, "आजी, यात स्टॅबिलायझेशन हाय. कितीपण धावा, हलत नाय." मी म्हटलं, "तुझा आजा असाच होता गो. कितीपण ओरडा, हलत नाय."

या खेपेला तिने वेगळंच केलं. कॅमेरा चांगुणाच्याच छातीवर बांधला आणि तिला पाणवठ्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं. म्हणजे बहिणीला दिसतं ते मला दिसणार...

काय सांगू तुम्हाला. वाट लोण्यासारखी सरकत होती. दोन्ही बाजूंना कारवी, खाली कापणी झालेली भाताची खाचरं, वर गडाचा काळा कडा... किती वर्षं मी हे पाहिलं नव्हतं.

वळणावर शेंदूर लावलेला देव आला. कॅमेऱ्याच्या खालून एक सुरकुतलेला हात पुढे झाला आणि देवाला लागला. माझा हात इकडे ओटीवर आपसूक कपाळाला गेला... क्षणभर तो हात कोणाचा तेच कळलं नाही. आमच्या आईचा असाच होता.

सून म्हणाली, "बघा आई, मावशी कशा झक्कास चालतायत." मलाही हायसं वाटलं. पण सायली अंगठ्याने जमीन उकरत बसली.

मी विचारलं, "काय गो, हा कॅमेरा वाट सरळ करतो, तसा लंगडा माणूस पण सरळ करतो का?"

ती म्हणाली, "आजी, मला शपथ घातलीय तिनं."

मी म्हटलं, पहिल्यापासून लाव... आणि डोळे मिटले.

आता आमची गोष्ट ऐका. लहानपणी आम्ही दोघी त्याच वाटेने पाणी भरायचो. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, मी पुढे, ती मागे. मान वळवली की पाणी सांडणार आणि घरी आईचा मार. म्हणून मागे न बघता नुसत्या पावलांवरून मला कळायचं, चांगुणा कुठवर आली, दमली का, काटा मोडला का...

डोळे मिटून ऐकलं आणि सगळं दिसलं. एक पाय टेकत होता, दुसरा पाचोळ्यातून फरफटत होता. मध्ये काठी. उतारावर तीनदा थांबली... चित्रात वाटतं कारवी बघतेय, पण तिचा श्वास लागला होता.

कॅमेऱ्याच्या डोळ्याने तिच्यासाठी खोटं सांगितलं, कानाने नाही सांगितलं. हातभर यंत्र नाही ते, पण माझी बहीण माचीवरून उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवली त्याने.

आता तिला ओरडायला मी कोण... मीपण वर न जायला लावणी, शेळ्या, नातवाचं बारसं अशी कारणं देत आलेय. गुडघ्यांचं कधी कळवलं नाही.

म्हणून सायलीला म्हटलं, बांध मला पट्टा. ओटीवरून गोठ्यापर्यंत गेले आणि परत आले. तोंडातून शब्द काढला नाही.

पुढच्या रविवारी सायलीने ते माचीवर नेऊन दाखवलं. चांगुणाने पण डोळे मिटले म्हणे. मग म्हणाली, "ही म्हातारी तर माझ्यापेक्षा खराब चालते गो. तिला कोणी डॉक्टर दाखवला का नाय? सांग तिला, मी खाली येते. एकटी ती जायची नाय."

माचीवरच्या पोरांनी तिला हाताला धरून, बसत बसत खाली आणली. काल खाली धसई गावात आम्ही भेटलो. आधी भांडलो, मग रडलो... मग दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, मावशी, जरा चालून दाखवा. आमची चांगुणा काठी बाजूला ठेवून, दात-ओठ खाऊन अशी ताठ चालली, की नवा कॅमेरा लाजेल.

मी म्हटलं, "बाई, डोळे मिटून बघा."

भली पोरगी... तिने खरंच मिटले.